आठ खुर्च्यांचं टेबल

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता: बोटीवर जेवायला कुठे बसणार? खाली चौकोन होते. दोघांचं टेबल, चौघांचं, सहांचं, आठांचं. त्याखाली आणखी दोन. सातही संध्याकाळी ठरलेलं टेबल आणि ठरलेली माणसं, किंवा रोज जागा मिळेल तिथे, नव्या माणसांबरोबर.

धाकटीने पेन उघडून आठांवर खूण केलीसुद्धा, आणि पेन ठरलेल्या टेबलाच्या चौकोनाकडे नेलं.

"थांब," ताई म्हणाली. "ते ठरलेलं नको. बदलतं कर."

"का गं? सात दिवस तीच माणसं असली तर ओळखी तरी नीट होतील."

"आणि एखादा खडूस निघाला तर? सात दिवस त्याचं सूप ओढणं ऐकत बसू?"

"तू कधीपासून खडूस माणसांना घाबरायला लागलीस? एकतीस वर्षं फोनवर डॉक्टरांची बोलणी खाल्लीस की."

"म्हणूनच. आता पोट भरलं."

धाकटी हसली आणि तिने दुसऱ्या चौकोनात खूण केली. ताईने टेबलाखाली घट्ट आवळलेली मूठ सोडली. तळहातावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटल्या होत्या.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. समोर छिद्रांची भिंत, हातात दोऱ्या, कानाला यंत्र. फोन आला की म्हणायचं, "नमस्कार, हॉस्पिटल. कोण बोलतंय?" मग हवी ती दोरी हव्या त्या छिद्रात घालायची आणि म्हणायचं, "जोडते." अडीचशे एक्स्टेन्शन तिला तोंडपाठ होती. पुढे बोर्ड गेला, बटणं आली, ताईही निवृत्त झाली. पण कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने क्ष-किरण विभागाचा नंबर सांगितला असता. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पूर्वेची खिडकी आणि दाराची किल्ली एवढं तिचं स्वतःचं होतं, आणि त्यावर तिचं भागत होतं.

मग दीड वर्षापूर्वी विसरायला सुरुवात झाली. आधी शब्द, मग दुपारी कोण आलं होतं ते, मग चेहरे. एकदा गॅसवर दूध ठेवून ती खिडकीत जाऊन बसली. पातेलं कोळसा झालं, शेजारीण धावत आली आणि तिने धाकटीच्या मुलीला कळवलं. ही भाची नर्स. ती रागावली नाही. मावशीचा हात हातात घेऊन तिने हळूच सांगितलं, "मावशी, हे एकदा झालं. पुन्हा काही झालं ना, तर मी तुला विचारत बसणार नाही. एकटीने राहणं बंद. चांगली जागा बघून ठेवलीय मी, बाग आहे तिथे." ती ओरडली असती तर ताईने दोन शब्द परत ऐकवले असते. त्या मायेपुढे मात्र तिने मान डोलावली.

भाचीला माहीत नव्हतं ते वेगळंच. एका सकाळी औषधाच्या दुकानातून परतताना ताईला आपली गल्ली ओळखता आली नाही. घरं तीच असावीत, पण त्यांची ओळख कुणीतरी पुसून टाकली होती. ती तासभर एका बाकावर बसून राहिली. शेवटी पोस्टमन दिसला आणि ती त्याच्या मागून चालू लागली. हा कधी ना कधी आपल्या दारी येणारच. प्रत्येक फाटकापाशी तो थांबला की तीही थांबे, चप्पल नीट करण्याचं निमित्त करून. घरी पोचल्यावर तिने दार आतून लावलं आणि बराच वेळ दाराला पाठ लावून उभी राहिली.

या विसरण्याबद्दल ती काही लिहून ठेवत नव्हती. चिठ्ठ्या सापडतात.

म्हणून बदलतं टेबल. तिने सगळा हिशोब मांडला होता. तीच माणसं सात दिवस समोर बसली तर दुसऱ्याच दिवशी कळणार. रोज नवी माणसं असली की कुणाला ओळखायचं नाही, कालचं बोलणं आठवायचं नाही, आणि एक गोष्ट पाठ असली की सातही दिवस निघतील. नव्या लोकांना जुनी गोष्ट सांगितली तर त्यात वावगं काय? प्रश्न फक्त धाकटीचा होता. धाकटीने सव्वीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं होतं. पोर खोटं बोलतंय हे तिला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं.

पहिल्या संध्याकाळी सगळं छान जमलं. सहांचं टेबल होतं. सलूनवाले काका, त्यांच्या पत्नी, चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई, आणखी कुणीतरी. ताईने गोष्ट सांगितली. बोर्डावरच्या तिच्या एकुलत्या एका चुकीची. एका माणसाचा फोन आला, बायको बाळंत झाली का म्हणून. प्रसूती विभाग दोनशे चौदा. ताईची दोरी गेली दोनशे एक्केचाळीसमध्ये, म्हणजे भांडारात. भांडारवाला काचेच्या बरण्यांची वाट बघत बसलेला. तो म्हणाला, "तीन आल्यात, पण एकीला चीर गेलीय. परत पाठवू का?" तो माणूस एका पायात बूट घालून हॉस्पिटलात पोचला.

सलूनवाले काका इतके हसले की त्यांच्या नाकातून पाणी आलं.

दुसऱ्या संध्याकाळी समुद्र खवळला होता. जेवायला मोजकीच माणसं आली. समोर दोन म्हातारे भाऊ होते, दोघांनाही कमी ऐकू येत होतं, तरी ते योग्य जागी हसले. केबिनकडे परतताना धाकटी म्हणाली, "काल बरणीला चीर होती, आज तिचं झाकण मोडलं."

"गोष्ट आहे गं ती. वाढते थोडी."

"वाढू दे की," धाकटी म्हणाली.  झोपण्याआधी ताईने मनात दहादा घोकलं: चीर, झाकण नव्हे.

तिसऱ्या संध्याकाळी टेबलावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते, त्यांच्या पत्नी, आणि गळ्यात साखळीने चष्मा अडकवलेल्या एक बाई. तिघंही मोकळं हसले. ताईला बरं वाटलं. सूप आलं, पाव आला, आणि तिने सुरुवात केली, "मी हॉस्पिटलच्या बोर्डावर होते. एकदा एका माणसाचा फोन आला..."

मिशीवाले गृहस्थ हसले.

बरणी अजून यायची होती. ताईचा चमचा हवेतच राहिला. एकतीस वर्षं तिने आवाज ऐकले होते. ज्याला निरोप आधीच मिळालेला असतो त्याचा "हो का?" वेगळा लागतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने त्या मिशांकडे पाहिलं, त्या साखळीकडे पाहिलं. आत कुठेही दिवा लागला नाही. 

"परवा तुम्ही सांगितलंत ना," त्या गृहस्थांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "तेव्हा यांच्या नाकातून पाणी आलं होतं. अजून घरच्यांना फोन करून सांगतात."

धाकटीने चमचा खाली ठेवला. "ताई, मी दुपारी म्हटलं नव्हतं का? वरच्या मजल्यावर हे भेटले, आज पुन्हा यांच्याबरोबर बसायचं ठरलं, म्हणून?"

"म्हटलं होतंस की," ताई म्हणाली. "चांगली गोष्ट दोनदा ऐकली तर काय बिघडलं?"

सगळे हसले. धाकटी हसली नाही. ती ताईकडे बघत होती, पहिलीतल्या पोराची वही बघावी तशी.

"हात धुऊन येते," म्हणून ताई उठली.

हात धुण्याच्या खोलीला दोन दारं होती. ती कुठल्यातरी एका दारातून बाहेर आली, गालिचा घातलेला जिना उतरली, आणि समोर तेच दालन. तेच पडदे, त्याच पांढऱ्या चादरी, तीच पितळी दिव्यांची रांग. ती खिडकीकडून तिसऱ्या टेबलाकडे गेली. तिथे अनोळखी माणसं जेवत होती. एका बाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ही अनोळखी आहे की ओळखीची? धाकटी कुठेय? की धाकटी इथेच बसलीय आणि आपल्यालाच... हा विचार तिला पुरा करवेना. 

दाराशी उंच मेजामागे मुख्य वेटर उभा होता. त्याच्यासमोर फळी होती. फळीवर सगळी टेबलं गोलगोल काढलेली, प्रत्येक गोलाला नंबर, गोलाभोवती खुर्च्यांइतकी छिद्रं, आणि काही छिद्रांत पितळी खुंट्या. ताईचे पाय आपसूक तिकडे वळले.

"मॅडम, आपला टेबल नंबर?"

"नंबर?"

त्याने यादी पाहिली, तिचं कार्ड पाहिलं. "अच्छा, आपण बदलत्या टेबलवाल्या. मग आपल्याला नंबर नसतो. केबिन कितवी? आत्ता कुणाला तरी बरोबर देतो."

कार्डावर केबिनचा आकडा छापलेला नव्हता. ताईने डोळे मिटले आणि आकडा आला, लख्ख. "दोनशे चौदा."

त्याने यादीवरून बोट फिरवलं. "दोनशे चौदामध्ये एक जोडपं आहे मॅडम. तरुण."

दोनशे चौदा म्हणजे प्रसूती विभाग. ताईला ते त्याच क्षणी कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं. माणूस चांगला होता, घाई करत नव्हता, पण त्याचा आवाज बदलला. हळू झाला, मऊ झाला. भाचीसारखा. लपायला म्हणून तिने जी जागा शोधली होती तिला नंबरच नव्हता, आणि तिथून ती कुणाला परत सापडणारच नव्हती.

"ताई!"

धाकटी वरच्या मजल्यावरच्या दालनातून जिना उतरत होती, धापा टाकत, हातात जेवणाचा रुमाल तसाच. तिने वेटरला काही विचारलं नाही. ताईचा दंड धरला आणि तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं.

"किती दिवस?"

खोटं बोलायला ताईने तोंड उघडलं. पण मघाची भीती अजून अंगात होती, आणि ती सगळ्या जुन्या भीतींहून मोठी होती. "दीड वर्ष."

"दूध ठेवलंस तेव्हा?"

"त्याच्या आधीपासून."

"आणि म्हणून बदलतं टेबल." धाकटी तिच्या शेजारी पायरीवर बसली. "मला वाटलं, तुला माणसांचा वीट आलाय. माझासुद्धा. दोन दिवस मी तेच उगाळत बसलेय, वेडी."

"तुझा कसला वीट येतोय? तू दिसेनाशी झालीस तेव्हा माझा जीव गेला." मग ताईने विचारलं, "तिला सांगणार?"

"सांगणार."

ताईने मान खाली घातली. पूर्वेची खिडकी, किल्ली, सगळं तिला दूर जाताना दिसलं.

"पण तुझ्या पाठीमागे नाही," धाकटी म्हणाली. "तू समोर बसलेली असशील आणि तू आधी बोलशील. ती बागबिग काय म्हणते ते आपण दोघी ऐकू. मीही आहे की नाही कुणी? तिची आई आहे मी, ती काही माझी हेडमास्तरीण नाही."

पुढे काय होईल हे त्यात कुठेच नव्हतं. ताईच्या ते लक्षात आलं. तरी ती उठली आणि फळीपाशी गेली. टेबलांचे गोल, खुर्च्यांची छिद्रं.

"मला नंबर हवाय," ती वेटरला म्हणाली. "आठांचं टेबल. रोज तेच. आणि माणसांनी खुर्च्या बदलायच्या नाहीत." मग धाकटीकडे वळून, "हॉस्पिटलातल्या अर्ध्या डॉक्टरांचे चेहरे मी कधी पाहिलेच नव्हते गं. माणूस माझ्याकडे राहायचा तो त्याच्या जागेने. उठून दुसरीकडे बसला की गेला."

चौथ्या संध्याकाळी टेबल सव्वीस. आठ खुर्च्या. पहिल्यावर ताई, दुसऱ्यावर धाकटी. धाकटीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ताईला बोर्डाची सवय आहे, कुणी जागा सोडू नका. कारण तिने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

"खुर्ची तीन हजर!" मिशीवाले सलाम ठोकून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," चौथीवरून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "दुकानातल्या खुर्च्या कमी पडल्या वाटतं."

तीन: कात्री, मिशा, नाकातून पाणी. चार: त्यांच्या पत्नी, हळू आवाज. ताईने मनातल्या मनात दोऱ्या घातल्या आणि त्या धरल्या. मग तिची नजर पाचवर गेली. गळ्यात साखळी, साखळीला चष्मा. त्या बाई हसून काहीतरी विचारत होत्या, जुनी ओळख असल्यासारख्या.

काही नाही. भिंतीसारखं कोरं.

 उठून हात धुवायला जावं असं तिला वाटलं. शेजारी धाकटीचा घास थांबला होता. ती मदतीला येणार, आता नाव सांगून टाकणार, हे ताईला तिच्या श्वासावरून कळलं. तिने टेबलाखालून धाकटीचा गुडघा दाबला. थांब.

एकतीस वर्षं, दिवसातून शेकडो वेळा, ओळखीच्या आणि अनोळखी आवाजांना तिने एकच प्रश्न विचारला होता. त्याच माणसाने पाच मिनिटांनी पुन्हा फोन केला तरी पुन्हा विचारला होता. त्याची लाज तिला कधी वाटली नव्हती, आणि कुणाला रागही आला नव्हता.

तिने पाठ ताठ केली. आवाज बोर्डावरचाच लागला.

"नमस्कार," ती पाचव्या खुर्चीला म्हणाली. "कोण बोलतंय?"

चष्मेवाल्या बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आपलं नाव सांगितलं, दुकान कुठे आहे ते सांगितलं, आणि पहिल्या संध्याकाळी आपण तिची गोष्ट ऐकली होती तेही सांगितलं, सगळं पहिल्यापासून.

उद्या हे पुन्हा विचारावं लागेल, हे ताईला ठाऊक होतं. तिचा हात अजून धाकटीच्या गुडघ्यावरच होता.

"जोडते," ती म्हणाली.