आम्ही न पाळलेली म्हैस

मला पळण्याचा मनापासून तिटकारा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण रायपूरच्या पूर्वेकडच्या गावांत अजूनही काही म्हातारी माणसं मला पळणारा भैया म्हणून ओळखतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा मोठा खेळाडू असणार. कसला खेळाडू आणि कसलं काय! नव्या राज्याच्या नव्या सचिवालयात फायली सरकवणारा मी माणूस. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायचो आणि भिंतीवरच्या पिचकाऱ्या निरखतोय असं दाखवायचो.

पळायला लागलो ते बाबांमुळे. दिवाळीनंतर आई गेली आणि बाबा शहरातल्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. रडले नाहीत, बोलले नाहीत. आई गेली हे शब्द तर त्यांच्या तोंडून निघेचनात. नागपूरहून कुणाचा फोन आला, आईची चौकशी झाली, की "ती घरात नाहीये" म्हणायचे आणि रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. दारावरच्या भाजीवालीलाही तेच उत्तर. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या देऊन काही होणार नाही, त्यांना घराबाहेर काढा आणि बोलतं करा, नाहीतर हा माणूस खुर्चीतच संपेल.

काढा म्हणे! बाबा रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढच्यांच्या चुका बघण्यात गेलेली. फिरायला चला म्हटलं तर उत्तर नाही, देवळात चला म्हटलं तरी नाही. मग एका सकाळी ऑफिसची जीप गल्लीच्या तोंडाशी आली आणि मी डबा सांभाळत तिच्यामागे पळालो, तर खिडकीतून आवाज आला, "अबे, असा पाय आपटत काहून पळून राहिला? घोडा हाय का तू?"

कित्येक आठवड्यांतलं हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. जीप गेली निघून, जाऊ दे. दुसऱ्याचं काहीतरी चुकतंय हे दिसल्याशिवाय हा माणूस उठणार नाही, आणि चुकण्याच्या बाबतीत माझ्यासारखा हिरा त्यांना सापडणार नव्हता.

तर पौष महिन्याच्या थंडीत आमचं सुरू झालं. शहर संपेपर्यंत त्यांच्या लुनावर डबलसीट जायचं, मग मी उतरून पळायचं आणि बाबांनी मागून लुना चालवत माझ्या चुका काढायच्या. गळ्यात त्यांनी त्यांची गार्डाची शिट्टी अडकवली होती. मी थांबलो की शिट्टी. रस्ते फार सुंदर होते म्हणतात. एक तळ्याच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, जायचा, एक नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेने आणि एक मोहाच्या झाडांमधून. मला काय दिसणार, डोंबल? माझ्या डोळ्यांपुढे काजवे. निसर्ग सगळा बाबा बघायचे. मागून ऐकू यायचं, "ते पाह्य, कमळं कशी फुलली... मान खाली काहून घातली बे!" आणि शिट्टी.

त्या दिवसांत रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. नवं शहर कुठे बसणार, कुणाची शेतं जाणार, याच्या अफवा गावोगाव फिरत होत्या. धानाच्या बांधावर पायात बूट घातलेला कुणी दिसला की लोकांना वाटायचं, आला जमीन मोजायला. आणि आम्ही तर बघा! एक जाडा माणूस धापा टाकत पळतोय, मागे एक म्हातारा शिट्टी वाजवतोय. तळ्याच्या गावात एका सकाळी लोकांनी रस्ताच अडवला. पुढे एक कमरेत वाकलेली म्हातारी होती. ती मला म्हणाली, "काबर भागत हस? जमीन नापत हव का? हमन जमीन नइ देवन!" का पळतोस, जमीन मोजतोस का, आम्ही देणार नाही! सरकार आता माणसांना पळायला लावून जमीन मोजतंय अशी तिची खात्रीच झाली होती. त्यात मी सचिवालयातला. खिशात ओळखपत्र.

मी खरं सांगायला गेलो, की उगाच पळतोय. लोक आणखी जवळ सरकले. उगाच कोण पळतं? तेवढ्यात बाबा लुनावरून उतरले आणि म्हणाले, "अरे नहीं भैया, हमारी भैंस गुम गई है."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ज्या माणसाने आयुष्यात प्लॅटफॉर्म तिकीट चुकवलं नाही, तो माणूस बिनदिक्कत म्हैस हरवून मोकळा! पण जादू झाली हो. लोकांचे चेहरे एकदम उतरले. म्हातारीने तोंडावर हात धरला. भइंसी कशी आहे, तिने विचारलं. बाबा आपल्या कानाला हात लावून म्हणाले, डाव्या कानाची पाळ फाटलेली आहे.

परत येताना मी हसून हसून बेजार. "बाबा, काय फेकली तुम्ही!" ते समोर बघून लुना चालवत राहिले. पण त्या दिवशी त्यांनी गरम पोळी मागून घेतली.

खेड्यात म्हैस हरवणं ही काय साधी गोष्ट? बातमी आमच्या पुढे पळाली. नहराच्या गावात लोक आमची वाटच बघत होते. अंगाने कशी, सवयी काय, सगळं विचारून घेतलं. बाबा सांगू लागले. "उसको गुस्सा आया तो पीठ फेर के बैठती है. घंटों." लोकांनी माना डोलावल्या. मोहाच्या रस्त्यावर एका राऊताने, म्हणजे गावची गुरं राखणाऱ्याने, खाण्यापिण्याचं विचारलं. बाबा म्हणाले, सगळ्यांचं झाल्याशिवाय ती तोंड लावत नाही.

पुढे पळता पळता मी थांबलो. शिट्टी वाजली, तरी हललो नाही. फाटलेली पाळ. लग्नातल्या जड कुड्यांनी फाटली होती ती. राग आला की भिंतीकडे तोंड करून बसणं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं घेऊन जेवणं. अरे, हा माणूस माझ्या आईला शोधून राहिला होता! आधी मला राग आला, खरंच आला. आईला म्हैस करून टाकली? मग हसू फुटलं, कारण ही तुलना आईने ऐकली असती तर पाठ फिरवून तेरवीपर्यंत बसली असती. आणि मग धाप कुठली आणि हुंदका कुठला हेच कळेना. मागून बाबा ओरडले, "श्वास नाकानं घे बे!"

त्यानंतर मी हसणं बंद केलं. बाबा बोलत होते, जेवत होते, तांबडं फुटायच्या आत शिट्टी घालून तयार असायचे. पण एका संध्याकाळी बायकोने मला बाजूला घेतलं. "अहो, बाबांनी गोल बाजारातून दावं आणलं. चांगलं जाड. मी विचारलं कशाला, तर म्हणे सापडली तर बांधायला लागेल. बांधायची कुठे, गच्चीवर? मले आता भीती वाटून राहिली." भीती मलाही वाटत होती. खुर्चीतून उठवायच्या नादात मी बापाला वेडाच्या रस्त्यावर तर नाही ना आणून सोडलं? पण थांबवलं तर परत ती खिडकी आणि ती खुर्ची. मी पळत राहिलो आणि दावं लुनाच्या हँडलला लटकत राहिलं.

परसाची, म्हणजे पळसाची, झाडं लाल झाली आणि म्हैस सापडली.

तळ्याच्या गावाने निरोप धाडला होता. आम्ही पोचलो तर ही गर्दी! तिन्ही रस्त्यांवरची माणसं जमलेली. मधोमध म्हैस. तिला धुतलं होतं, शिंगांना तेल चोपडलं होतं, कपाळावर हा एवढा टिळा. डाव्या कानाची पाळ फाटलेली. आमच्याकडे पाठ करून बसली होती. राऊत छाती फुगवून म्हणाला, दोन दिवस पेंढा पुढे टाकलाय, पण बाकीच्या जनावरांचं झाल्याशिवाय ही तोंड लावत नाही. कुणीतरी नारळ फोडला. बाबा हो म्हणाले तर त्यांचं डोकं गेलं असं समजायचं, आणि नाही म्हणाले तर ते परत खुर्चीत जाणार.

बाबांनी दावं काढलं. म्हशीजवळ जाऊन तिचा तो कान हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग त्यांनी कान सोडला.

"नहीं," ते म्हणाले. "ये वो नहीं है."

गावाला हे पटेना. अहो, कान तोच, गुस्सा तोच! एकजण कळवळून म्हणाला, "रख ले बाबू, भइंसी तो भइंसी हे." बाबांनी मान हलवली. दावं राऊताच्या हातात दिलं, तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि रडायला लागले. मोठ्याने, लहान पोरासारखे. दिवाळीपासूनचं साचलेलं सगळं. मी जवळ जाऊन बसलो. काय करावं कळेना, म्हणून त्यांच्या गळ्यातली शिट्टी सरळ करत राहिलो.

ती वाकलेली म्हातारी काठी टेकत आली. कधीपासून गेली आहे, तिने विचारलं. बाबा म्हणाले, "दिवाली के बाद से." तिने हिशेब केल्यासारखं तळ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "अब नइ आवय बाबू," ती म्हणाली. "अब झन खोज." आता येणार नाही, आता शोधू नकोस. बाबांनी मान डोलावली. आमच्या अख्ख्या नातेवाइकांत हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला लुनावर मागे बसवलं. रात्री जेवून झोपले. मी बायकोला म्हटलं, संपलं बाई एकदाचं. ते रडले, आता मी सुटलो. आणि गजर न लावता पांघरूण डोक्यावरून घेतलं.

पहाटे कानाशी शिट्टी वाजली. मी उडालोच. बाबा बूट घालून उभे होते.

"बाबा, आता कशाला?" मी म्हटलं. "म्हैस तर..."

"कसली म्हैस बे?" ते म्हणाले. "म्हैस कधी होती आपल्याकडे? तुझी आई गेली. मले माहीत हाय ती गेली. पण तुझं पोट अजून कुठं गेलं? ऊठ."