नानांच्या डोक्यावरचे ढग

धुळ्यात देवपूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. मी नवल. माझी खासियत विचाराल तर आभाळ. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी लळिंगच्या किल्ल्यावर जातात, उन्हात घामाने निथळतात, आणि वर आभाळ असतं पांढरं फटक. मी ते कॉम्प्युटरवर कापून काढतो आणि त्या जागी असं आभाळ बसवतो की नवरीची आईसुद्धा म्हणते, अगंबाई, हे कधी झालं? ढगांचा माझ्याकडे मोठा साठा आहे. पावसाळ्यात तोरणमाळला जाऊन स्वतः काढलेले. या कलेचा मला भारी माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

गोष्ट मात्र माझी नाही, कौतिक नानांची आहे. मी फक्त तिची माती केली.

नाना आमच्या गावचे, धुळ्यापासून तासाभराच्या अंतरावर. जन्मभर दुसऱ्यांची औतं हाकली. शिक्षण शून्य, घरात एक खाट आणि एक रेडिओ, तोही बंद. बायको सुंदरबाई गेल्यापासून एकटे. पण रोज पहाटे गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन उभं राहायचं, वर बघायचं, वारा कुठून येतो ते अंगावर घ्यायचं आणि परत येताना कोणी विचारलं तर पाऊस येणार की नाही ते सांगायचं. बस, एवढंच. त्याबद्दल चहासुद्धा कोणाचा घेतला नाही. कोणी पुढे केलाच तर म्हणायचे, "आभाय काय मना बापनं शे?" कधी अंदाज चुकला तर स्वतः दारोदार जाऊन सांगायचे, चुकनं भाऊ. म्हणून तर लोक विश्वास ठेवायचे. गावात नानांना विचारल्याशिवाय कोणी कांदा काढत नसे. कांदा काढून शेतात सुकत पडला आणि गारा आल्या, तर सगळं पीक सडतं.

गेल्या वर्षी चौदा मार्चला मी गावी गेलो होतो. सकाळी कॅमेरा घेऊन नानांच्या मागे टेकाडावर चढलो. म्हातारा काय दिसत होता! कपाळावर आडवा हात धरलेला, पांढऱ्या मिश्या, मान वर. मी धडाधड पंधरा-वीस फोटो काढले. खाली येताना शेजारची भागाबाई भेटली. नवरा गेलेला, दोन बिघे रान एकटी कसते. तिने विचारलं, "नाना, कांदा काढू का?" नाना म्हणाले, "काढ. आठ रोज आभाय कोरं शे." तिने काढला, आठवडाभर सुकवला, कांदाचाळीत भरला. ढगाचा ठिपकासुद्धा आला नाही.

इकडे स्टुडिओत मी नानांचा फोटो उघडला आणि माझं डोकं फिरलं. एवढा झक्कास माणूस आणि मागे आभाळ असं की जणू धुवून वाळत घातलेलं धोतर! मी तोरणमाळचे काळे ढग काढले. मिश्यांचा केस न् केस वेगळा करून नानांच्या मागे ते ढग लावले. तोंडावरचं ऊन कमी केलं, एका बाजूला वीज ओढली. जमिनीवर नानांची सावली काळीकुट्ट पडली होती. ढगाखाली तशी सावली कशी पडेल? म्हणून तीही पुसली.

माझी बायको हेमांगी स्टुडिओत माझ्याबरोबरच काम करते. ती मागून म्हणाली, "अहो, माणसाची सावली कसली पुसता? आणि पुसलीत तर पुसलीत, खाली तारीख तरी नका टाकू."

मी म्हटलं, "तुला यातलं काय कळतंय? तारखेने फोटो खरा वाटतो."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच. कोपऱ्यात टाकलं: १४ मार्च.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं गाव घरी असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात. तो मुहूर्त साधून मी दोन बाय तीन फुटांची फ्रेम घेऊन गेलो आणि मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर नानांच्या हातात दिली. लोक तुटून पडले. "काय फोटो काढा रे नवल्या!" असं जो तो म्हणायला लागला आणि मी आपला फुगत गेलो.

नानांनी मात्र फ्रेम उचलून पार डोळ्याजवळ नेली. "हाई कव्हयना फोटो शे?"

"तो नाही का नाना, मी टेकाडावर आलो होतो, त्याच दिवशीचा. तारीख आहे बघा खाली."

एवढंच बोललो. मी त्यात खोटं काय बोललो, असं नंतर कितीदा स्वतःला समजावून पाहिलं.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "नाना, डोक्यावर इतले ढग आनि तुम्ही भागाले सांगं आभाय कोरं शे!" पारावर हशा पिकला. त्या दिवशी आभाळ कसं होतं हे कोणाला आठवतंय? महिना उलटून गेलेला. फोटो मात्र समोर होता. आणि मी? मीपण हसलो. एक वाक्य बोलायचं होतं, की नाना, हे ढग मी चिकटवलेत. पण मग माझी वाहवा तिथेच संपली असती. मूग गिळून बसलो.

नाना हसले नाहीत. हळूच म्हणाले, "माले दिखनात नही." फ्रेम काखेत मारली आणि घरी निघून गेले.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू मीच धुळ्याला आणून काढून घेतला होता. दुसऱ्याचा राहिला होता. तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही, धन्य माझी! मी गाडीत बसून धुळ्याला आलो आणि तो फोटो माझ्या पेजवर टाकला. कितीतरी लोकांना आवडला.

त्यानंतर नाना टेकाडावर जात राहिले, पण सांगणं त्यांनी बंद केलं. कोणी विचारलं की म्हणायचे, "मोबाइलले इचार." मला हे आईकडून फोनवर कळत होतं. मी म्हणायचो, म्हातारा चिडचिडा झाला असेल.

यंदा मार्चमध्ये गारपीट झाली. चौथ्या दिवशी भागाबाईचा फोन आला, "नवलभाऊ, पंचनामासाठे फोटो काढी दे." मी गेलो. तिचा सगळा कांदा शेतात काढून पडलेला, गारांनी फुटलेला, वास सुटलेला. मोबाइलवर पाऊस दाखवत नव्हता, म्हणून तिने काढला होता. कांदे उचलता उचलता ती सहज म्हणाली, "कांदा काढा त्या दिन सकायले नाना बांधवर उना व्हतात. उभा राहिनात, काही बोलनात नही, परत चालना ग्यात."

कॅमेरा तिथेच ठेवला आणि नानांच्या घरी गेलो.

नाना खाटेवर बसले होते. फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मी विचारलं, "नाना, भागाबाईच्या बांधावर कशाला गेला होतात?"

"वारा फिरना व्हता, पोऱ्या. खालतून कायं आभाय उठेल दिखनं. सांगाले गऊ व्हतू. मंग मी म्हटलं, मना डोयास्नं काय खरं? त्या फोटोमा डोकावर ढग व्हतात, ते बी दिखनात नही. त्या येले गाव वाचनं ते नशीबमुये. आते उगाच तिले कसाले घाबरावू?"

मी खाली बसलो, त्यांच्या पायाशीच. मोबाइलमध्ये मूळ फोटो होता, तो काढून दाखवला. तोच हात, त्याच मिश्या, आणि मागे पांढरं रिकामं आभाळ. म्हटलं, "नाना, ढग खोटे आहेत. मी लावले. तुमचे डोळे चांगले आहेत."

मला वाटलं होतं म्हातारा शिव्या देईल, नाहीतर निदान बरं वाटेल त्याला. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला. मग म्हणाले, "म्हंजे मन्हं बरोबर व्हतं."

"हो नाना."

"यंदा दिखनं ते बी बरोबर व्हतं."

मी मोबाइल परत घेतला.

"डोया ग्यात, आसं समजीसन मी तीन-चार रात झोपनू तरी, नवल्या. आते मी भागाले काय सांगू?"

लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या खाटेपाशी कळलं. नाना उठले, काठी घेतली आणि शेताकडे चालू लागले. मी मागे. वाटेत दोनदा म्हटलं, नाना तुम्ही थांबा, मी सांगतो. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

बांधावर उभे राहून ते म्हणाले, "भागा, माले दिखनं व्हतं. सांगाले उनू व्हतू. नही सांगं. मन्ही चूक शे."

भागाबाईने टोपली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक बोल सांगाले काय व्हतं, नाना? मी तुमनीच वाट देखत व्हती."

नानांनी मान खाली घातली. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर ते मनात आलंही. मग मी सांगितलं. ढग कुठले, सावली कशी पुसली, तारीख का टाकली, पारावर का हसलो, सगळं.

भागाबाईने आधी नानांकडे पाहिलं, मग त्या सडक्या कांद्यांकडे, मग माझ्याकडे.

"फोटोसाठे?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.