माझे कान, डेव्हचे दात

तालमीतल्या पोरांनो, आज इकडं इंग्लंडात, लेस्टरमधली माझी नोकरी जाता जाता राहिली.

दुपारी गोडाऊनच्या कँटीनमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या गोऱ्या डेव्हनं मागून येऊन माझी टोपी काढली. "हे कान कुणी चावले रे?" सगळे हसले. गावात कुस्तीत चेपलेले हे कान बघून लोक पैलवान म्हणून बसायला जागा देतात. इथं मी ते झाकून फिरतो.

मी त्याचं मनगट धरलं. पकड बसली तसा तो लालबुंद झाला. शेजारचा संतोष पुटपुटला, "सोड भावा, आजच घरी पाठवतील."

माझ्या जिभेवर एकच वाक्य होतं, आधी स्वतःचे दात बघ. गोऱ्यांच्या दातांवर आम्ही मराठीत रोजच हसतो. डेव्हचे तर एकावर एक चढलेत, पुढचा एक काळा पडलाय.

तेवढ्यात तोच म्हणाला, "बोल की माझ्या दातांवर. सगळेच बोलतात. मग फिट्टंफाट."

तोंड हसरं होतं, पण बोलून होताच त्यानं ओठ दातांवर ओढून घेतले. हात सोडला, टोपी घेतली आणि कामाला लागलो.

उद्या त्याच्याच जोडीला लोडिंग आहे. सकाळी पहिलं काय बोलू त्याच्याशी, सांगा.