किनुएसानचे पाच नट

किनुए हाशिबाला एकसष्टावं लागलं होतं आणि त्या नोव्हेंबरच्या सकाळी तिला टायरचं दुकान उघडेपर्यंत दम निघत नव्हता. दुपारनंतर डोंगरात बर्फ पडणार होतं. म्हणजे निइगाताच्या त्या गावात सगळ्यांना एकाच दिवशी बर्फाचे टायर हवे होते, आणि गाड्यांची रांग पार तोफूवाल्यापर्यंत गेली होती.

बत्तीस वर्षं तिनं फुलीच्या पान्यावर जोर देऊन नट आवळले. मनगटं गेली ती त्यातच. गेल्या हिवाळ्यात तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या मालक र्योहेईनं खिडकीपाशी गादीची खुर्ची आणून ठेवली आणि अगदी गोड आवाजात सुचवलं, की पुढच्या मोसमात बसून टोकनं वाटलीत तरी चालेल. त्या खुर्चीचा किनुएला मनस्वी राग. उन्हाळ्यात तिनं स्वतःच बॅटरीवर चालणारा, झटक्यात नट आवळणारा इम्पॅक्ट रेंच आणला.

"बर्फाच्या दिवशी कुणाच्या मागे पडले, तर बसेन तुमच्या खुर्चीत," ती र्योहेईला म्हणाली. "तोवर तिच्यावर मांजर बसू दे."

आणि काय हात चालला तिचा! सुती हातमोजे आधीच काढून टाकलेले, कारण फिरत्या सॉकेटात धागा अडकला तर बोटही आत जातं. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे. प्रत्येक नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवायचा. तो सरळ बसला तरच यंत्र लावायचं, तेही कमी जोरावर, एक सोडून एक. तडतड सुरू झाली की लगेच बोट काढायचं. मग जॅक उतरवून हातातल्या टॉर्क पान्यानं शेवटचा जोर. नेमका जोर लागला की तो पाना 'कट्' करतो, आणि तेव्हाच चाकाकडे बोट रोखून मोठ्यानं म्हणायचं, "योशी!" ठीक आहे, झालं. बाकीचे हल्ली हे पुटपुटत. र्योहेई तर तेवढंही करत नसे. किनुएचं मात्र रस्त्यापलीकडे ऐकू जाई.

दुपारपर्यंत तिच्या अकरा गाड्या झाल्या, दोघा गड्यांच्या नऊ-नऊ. खारवलेलं आंबट उमेबोशी घातलेला भाताचा गोळा तिनं उभ्यानंच खाल्ला. तिला हसू आवरत नव्हतं. अकरावी गाडी शिझुहोची होती. घरोघरी जाणारी नर्स, वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे निघालेली.

बाराव्या गाडीसाठी तिनं टॉर्क पाना शोधला. तो शिझुहोची गाडी उभी होती त्या जागेच्या उजवीकडे पडला होता. शिझुहोचं शेवटचं चाक तर डावीकडचं, मागचं. त्या चाकावर बॅटरी संपली होती. नवी लावली, यंत्र तडतडलं, जॅक उतरवला आणि ती "योशी!" म्हणाली. जुन्या फुलीच्या पान्यावर पूर्ण जोर लागून हातांना हादरा बसला की तोंडातून 'योशी' निघायचं, ती बत्तीस वर्षांची सवय; यंत्राच्या तडतडीनं तसाच हादरा दिला होता. तोंडानं झालं म्हटलं, आणि झालंच असं तिला वाटलं. टॉर्क पाना त्या बाजूला गेलाच नव्हता.

सांगितलं तर खुर्ची ठरलेली. ती सरळ र्योहेईकडे गेली आणि सांगितलं.

शिझुहो फोन उचलेना. दोघं दुकानाच्या छोट्या ट्रकमध्ये बसून सुसाट निघाले. घाटाच्या तोंडाशी रस्त्याचं काम होतं, लाल झेंडीवाल्यानं गाड्या अडवल्या होत्या, आणि रांगेत ती पांढरी गाडी उभी होती. किनुएला आनंदानं ओरडावंसं वाटलं.

शिझुहोनं काच खाली केली. नेहमीची तपासणी आहे, असं र्योहेई सांगू लागला.

"नाही हो," किनुए मध्येच म्हणाली. "माझी चूक आहे. तुमचं एक चाक मी अर्धवट सोडलं."

शिझुहोनं निमूट गाडी कडेला घेतली. पाचही नट फिरले, एक तर जवळजवळ अर्धा वेढा. पाच वेळा कट्. पाच वेळा "योशी!" झेंडीवालासुद्धा वळून बघू लागला.

"आता झालं ना?" शिझुहोनं विचारलं. "वर आजोबा वाट बघतायत."

"आता झालं. आणि शंभर किलोमीटर झाले की परत आवळायला या."

"उद्यापासून टोकनं द्या माझ्याकडे," परतताना किनुए म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर र्योहेईनं वेग कमी केला, मग आणखी कमी, आणि ट्रक कडेला उभा केला.

"किनुएसान, या ट्रकचे टायर काल मी घातले," तो म्हणाला. "कट् ऐकल्याचं आठवत नाही मला."

ती पाना घेऊन उतरली. तिसऱ्या चाकाचे दोन नट फिरले. तिनं ते आवळले, आणि या वेळी स्वतः 'योशी' न म्हणता त्याच्याकडे पाहिलं. र्योहेईनं घसा खाकरला, चाकाकडे बोट रोखलं आणि भर रस्त्यात म्हणाला, "योशी!"

बर्फाचे पहिले कण त्याच्या बाहीवर पडत होते.

"उद्या त्या खुर्चीत मीच बसतो," तो म्हणाला.