माझा बिघाड, मामांच्या माथी

मामांना मशीनवरून काढलं ते माझ्या शब्दावर, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायचं म्हटलं की माझी जीभ कशी अडखळते, ते मला चांगलं ठाऊक आहे.

चाकणजवळच्या एका कारखान्यात गिअरची मापं तपासणारं एक मशीन होतं. त्याचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. मशीन चालवायचे ते पन्नाशीतले गृहस्थ महाळुंग्याचे. जमीन कारखान्यांत गेली आणि बदल्यात ही नोकरी मिळाली. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. घरात स्क्रीनवर काम करणारा पहिला माणूस आपण, याचा त्यांना कोण अभिमान! लेकीच्या सासरीसुद्धा सांगून झालं होतं.

मशीनचा कॉम्प्युटर मधूनच गोठायचा. स्क्रीन काळी, आणि पुन्हा चालू केल्यावर आत कसलीच नोंद नाही. माझ्या सिनियरनं पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, "ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, कर्नलच पडला, तर डिस्कवर लिहायला कोण उरणार? त्याचे मेसेज नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठव. पडता पडता काय बोलला ते तिकडे मिळेल." एक केबल आणि दोन ओळींची सेटिंग, अर्ध्या तासाचं काम. मी "हो हो" म्हणालो आणि केलं नाही. कशाला करू? मला गुन्हेगार सापडला होता.

शिफ्टच्या रजिस्टरात बिघाडाच्या सगळ्या नोंदी मामांच्या हातच्या होत्या. दर आठवड्याला त्यांची शिफ्ट बदलायची, तर बिघाडही त्यांच्यामागोमाग जायचा. त्यात शिफ्ट सुरू करताना ते मशीनला हात जोडून कंट्रोल बॉक्सला हळदकुंकू वाहायचे. मी पडलो कॉलेजात शिकलेला शहाणा. मीटिंगमध्ये सरळ म्हणालो, "कुंकू पंख्यातून आत जातंय. माणूस बदला, मशीन सुधारेल." सगळे हसले. मीही हसलो. मामांची रवानगी पॅकिंगला झाली, खोक्यांना टेप लावायला.

ते गेले आणि रजिस्टर कोरं राहू लागलं. दोन आठवडे मी कॉलर ताठ करून फिरलो. सिनियर मात्र विचारतच होता, केबल लावलीस का. शेवटी त्याचं तोंड बंद करायला म्हणून लावली, आणि मेसेज घ्यायला माझा लॅपटॉप शेजारच्या केबिनमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर लॅपटॉपवर ओळीच ओळी येऊन पडलेल्या. कर्नल तीनदा पडला होता, तिन्ही शिफ्टमध्ये एकेकदा. रजिस्टरात मात्र एक अक्षर नाही. शिफ्टवरच्या ऑपरेटरला विचारलं. तो लातूरकडचा. म्हणाला, "साहेब, बंद-चालू केलं की होतंय की सुरू. लिहिलं तर धा प्रश्न इचारतेत. लिहायचे ते फक्त मामाच."

म्हणजे बिघाड सगळ्यांकडेच होत होता. प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस एकच, आणि मी नेमकं त्यालाच धरलं होतं. तिन्ही वेळा शेवटच्या ओळींत नाव होतं ते माझ्या ड्रायव्हरचं, म्हणजे माप घेणारा सेन्सर चालवणाऱ्या माझ्याच प्रोग्रॅमचं. सेन्सर पुन्हा सुरू करताना, परत देऊन टाकलेल्या मेमरीत तो हात घालत होता. कुंकवाचा कुठे संबंधच नव्हता. ती ओळ मी लिहिली होती आणि दोनदा तपासल्याची खूणही मीच केली होती. माझे कान तापले.

चूक तासाभरात दुरुस्त झाली. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'ड्रायव्हर अद्ययावत केला.' बस, एवढंच. मामांना परत घ्या म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, मी तर आधी बोंब मारून घेतली आणि मग मूग गिळले.

चार दिवस झोप नीट लागेना, तेव्हा सगळं खरं सांगायचं ठरवून पॅकिंगला गेलो. मला पाहताच मामांनी हातातली टेप खाली ठेवली आणि तेच पुढे आले.

"साहेब, मशीन आता ब्येस चालतंय म्हनं. माज्यापायी तुमास्नी लय तरास झाला. कुकू आत जातंय, ही आमाला काय ठावं? माफी करा."

माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस चारचौघांत हात जोडून उभा होता. आजूबाजूचे आमच्याकडे बघत होते. सांगायला तेवढाच क्षण होता, आणि शब्दही तयार होते.

"असू द्या, मामा," मी म्हणालो. "होतं असं."

मी त्यांना माफ केलं.