दुभाष्याच्या घरातली लेकरं

आरमोरीला बाजाराच्या मागच्या गल्लीत निकेश नरोटे भाड्यानं राहतो. मूळचा भामरागडच्या पलीकडचा. माडिया ही त्याच्या आईची भाषा. त्याचं काम म्हणजे बोलणं. जंगलातल्या गावातून कोणी आजारी माणसासाठी फोन लावला, की एका आरोग्य संस्थेची हेल्पलाइन तो निकेशला जोडून देते. दुसऱ्या टोकाला चंद्रपूरहून डॉक्टर असते. तिकडचं माडिया मराठीत सांगायचं, इकडची मराठी माडियात. कामावर घेताना साहेबांनी एकच अट घातली होती, घरात शांत खोली पाहिजे. निकेश म्हणाला होता, आहे.

खोली होती. शांत नव्हती. बायको दिव्या दवाखान्यात नर्स, आणि तिची दिवसपाळी असली की अजून शाळेत न जाणारी लेक चंचल आणि नुकताच पळायला शिकलेला लेक सुकलू, दोघंही निकेशच्याच अंगावर. त्यानं आपले डाव बसवले होते. भाजी सकाळीच चिरून ठेवायची. फोन वाजायच्या आत सुकलूला झोळीत घालून झोका द्यायचा. चंचलपुढं चित्रांची वही टाकायची. आणि तळहात वर केला, की कोणी आवाज करायचा नाही. बहुतेक दिवस निभायचं. घरात लेकरं आहेत हे हेल्पलाइनवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सोनीबाई नावाच्या म्हातारीचा फोन आला. तिच्या गावात नुकताच टॉवर झाला होता. तिची लेक चंदा रात्री जमिनीवर झोपली होती, पहाटेपासून पोट दुखतं म्हणत होती आणि आता तिच्या पापण्या उघडत नव्हत्या.

डॉक्टर मोनाली मॅडमचा आवाज लगेच बदलला. "निकेश, विचार, पाणी गिळता येतंय का?"

"घोट तोंडातच राहते म्हणते, मॅडम."

"मण्यार चावली असणार. त्या सापाच्या दातांची खूणसुद्धा दिसत नाही. गाडी मिळेल ती काढायला सांग, ताबडतोब दवाखाना. वाटेत श्वास अडकू शकतो."

निकेशनं सगळं माडियात सांगितलं. सोनीबाई ऐकून घेत होती, पण एकच म्हणत होती, गावात एक जीप आहे, ती आधी मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याकडं जाईल, मग पाहू. निकेशनं पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं.

तेवढ्यात चंचल दारात आली. त्यानं तळहात वर केला. ती हलली नाही.

"बाबा, सुकलूनं न्हाणीची कडी लावली. आतून."

झोळी रिकामी लोंबत होती. न्हाणी अंगणात, तिथून नळाचा आवाज येत होता. आत मोठा टप होता. सुकलू रडत होता, आणि मग त्याचं रडणं थांबलं.

निकेशच्या घरात रेंज फक्त खिडकीपाशी. फोन घेऊन उठला की तो तुटणार, ठेवून गेला तर म्हातारी बंद करणार, आणि तुटलेला फोन त्या गावाला पुन्हा लागायला किती वेळ जाईल याचा नेम नव्हता. इकडे मॅडम विचारत होत्या, "निघाले का ते?"

मग तो माडियात बोलला. ते मॅडमचं भाषांतर नव्हतं.

"आजी, माझं लेकरू पाण्याच्या टपापाशी अडकलं आहे. दार बंद आहे. मी घरी एकटाच आहे."

म्हातारी जवळजवळ ओरडलीच, "मग बोलत काय बसलास? जा! मी फोन धरून आहे."

फोन खिडकीत ठेवून तो धावला. दार पत्र्याचं, आत उघडणारं. लाथ मारावी तर पोरगा मागंच असला तर? न्हाणीला छत नव्हतं. तो बाहेरच्या ड्रमवर चढला, भिंतीवर हात टेकून त्यानं आत उडी टाकली. गुडघा फुटला. सुकलू टपात बसला होता, पाणी छातीपर्यंत, नळ सुरूच. पाय घसरून एकदा तोंडावर पडला असावा. नाकातून पाणी येत होतं आणि तो बापाकडं नुसता डोळे फाडून बघत होता. उचलल्यावर खोकला आणि मग जोरात रडला.

तो ओल्या पोराला कडेवर घेऊन खिडकीशी आला. फोन सुरू होता.

"आहे का?" सोनीबाईनं विचारलं.

"आहे. कडेवर आहे."

"रडू दे त्याले," ती म्हणाली. "माझी पण लेकच आहे. सांग, कुठी नेऊ?"

जीप पुजाऱ्याच्या वाटेला गेली नाही. सुकलू कानाशी रडत असताना निकेशनं मॅडमचं एकेक वाक्य पोचवलं: चंदाला कुशीवर निजवा, पाणी पाजू नका, मान सरळ ठेवा, तिच्याशी बोलत राहा. अर्ध्या वाटेत मॅडमनं पाठवलेली रुग्णवाहिका भेटली. चंदाला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं, पण ती वाचली.

मॅडमनं तक्रार केली नाही. पण फोन रेकॉर्ड होतात. दुसऱ्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. "शांत खोली आहे म्हणाला होतास तू."

"खोटं सांगितलं, सर. लेकरं आहेत. पहिल्या दिवसापासून घरातच आहेत."

त्याला काढलं नाही. दिव्याची दिवसपाळी असेल तेव्हा तातडीचे फोन द्यायचे नाहीत, असं ठरलं. आता तो बहुतेक संध्याकाळी फोनवर बसतो, दिव्या घरात पाय ठेवते तेव्हा. दोघांची भेट दारातच होते.

"जेवली का?" तो विचारतो.

"जेवीन. तू बस," ती म्हणते आणि सुकलूला त्याच्या कडेवरून काढून घेते. अंगणातल्या न्हाणीला आता कडी नाही. नळ कोणी सोडला की निकेश अजूनही बोलता बोलता अडखळतो.