सिमेंटच्या पिशवीवरचे आबा

कोळसा कागदावर बसेना. आबांच्या कपाळाची रेघ ओढली, ती फिकी. पुन्हा दाबून ओढली, तर बोट लागताच गायब.

"कसला कागद आणलास रे?" मी दत्तूला विचारलं. दत्तू हा आबांचा धाकटा मुलगा. पाटोद्यात फ्लेक्सच्या दुकानात कामाला.

"लई भारी हाय बाई. फोटो पेपर. पाणी सांडलं तरी काई होत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. माझ्याकडचा मोठा कागद संपला होता, म्हणून त्याला फोनवर बजावून सांगितलं होतं, खरखरीत कागद आण. चारकोल म्हणजे जळक्या काडीची भुकटी. कागदाला बारीक खाचा असल्या तर ती अडकून राहते. आम्ही त्याला टूथ म्हणतो, कागदाचे दात. चकचकीत कागदाला ते नसतातच.

"दुकानदार म्हणला, ह्येच घ्या."

"मग चित्रही त्यालाच काढायला सांगायचं!"

उद्या आबा मेंढरं घेऊन निघणार होते, चांगले पाच-सहा महिने. छातीचं दुखणं अंगावर काढलेलं. म्हणून त्यांच्या बायकोनं, सखुबाईंनी, माझ्यामागं लकडा लावला होता. घरात नवऱ्याचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. "त्यात ह्ये चोरावानी दिसतेत," त्या म्हणायच्या. आबांना कसंबसं बसवलं होतं आणि ते आता उठायच्या बेतात होते.

"उरका बाई. मेंढरं कोंडून ठिवलीत."

शेजारी घरकुलाचं काम चाललं होतं. तिथं सिमेंटच्या कागदी पिशव्या पडल्या होत्या. मी एक फाडली, आतला स्वच्छ थर काढला आणि बोट फिरवून पाहिलं. खरखरीत! झटकून पाटावर ताणून लावला.

"शिमिटाच्या पिशवीवर बाप काढताव?" आता दत्तू चिडला.

"तुझ्या आरशावर उमटत नाही, तर काय करू? गप उभा राहा."

कोळसा टेकला तसा कागदानं धरून ठेवला. तपकिरी रंग तर आबांच्या कातडीचाच. पागोट्याला पांढरा खडू लावला. तासाभरात आबा कागदावर आले आणि खरे आबा वाड्यात कोंडलेली मेंढरं सोडायला गेले.

फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी पक्की करायचा स्प्रे, काढायला मी माझ्या सामानाच्या पिशवीत हात घातला. तेवढ्यात सखुबाईंनी चित्राच्या गालावरून चांगली चारही बोटं फिरवली.

"अहो, हात काय लावता!" मी ओरडलेच. सकाळपासूनचा सगळा राग त्या बिचारीवर निघाला.

त्या दचकल्या. मग चित्राकडे निरखून पाहायला लागल्या. गालभर करडी झाक पसरली होती, रेघा मात्र जागच्या जागी.

"ऱ्हाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "आता दाढी वाढल्यावानी दिसतंय. मेंढराहून माघारी येतेत तवा असंच असतेत."

मी वरून स्प्रे मारला. आता कोणाकडे चित्र काढायला गेले, तर कागद माझा असतो, आणि स्प्रे सुकेपर्यंत चित्राजवळ मी कोणाला फिरकू देत नाही. सखुबाई सोडून.